क्विटो पायी बघायचं आहे : चार दिवस, मी आणि आई

पायवाट
नमस्कार मंडळी,
भाऊ कामानिमित्त बोगोटाला असतो. डिसेंबरमध्ये मी आणि आई (वय ६६) त्याच्याकडे जातोय. तिथून ३० डिसेंबरला आम्ही दोघीच क्विटोला जाणार, ४ जानेवारीला परत. गालापागोस बेटं आमच्या बजेटात बसत नाहीत, आणि मनापासून सांगायचं तर मला शहरच बघायचंय. युनेस्कोने १९७८ साली जागतिक वारशाची पहिली यादी काढली तेव्हा तीत जगभरातली फक्त १२ ठिकाणं होती. त्यात जुन्या शहरांची नावं दोनच होती, पोलंडमधलं क्राकोव्ह आणि इक्वेडोरची ही राजधानी.

टॅक्सी शक्यतो नको. जुन्या गावठाणातून चालायचं, दमलं की बसायचं, परत चालायचं. कुठून सुरुवात करावी? आईला उंचीचा त्रास होईल का?

आणि एक प्रश्न जो कुठल्याच प्रवासवर्णनात सुटला नाही. सगळीकडे वाचते, 'सोन्याने मढवलेली चर्च'. ती मढवली कोणी? आपल्याकडे अजिंठ्याला गेलं की चित्रकाराचं नाव शोधून सापडत नाही आणि जीव हळहळतो. क्विटोत चालताना त्या हातांचा काही माग लागतो का?

गुलाबवाला
पायवाटताई, आमची तळेगावला गुलाबाची हरितगृहं आहेत. क्विटोच्या उत्तरेला कायांबेच्या पट्ट्यात जगातले उत्तम गुलाब होतात, त्यामुळे दोन-तीन वर्षांतून एकदा तिकडे चक्कर होते. मुक्काम दर वेळी जुन्या शहरातच.

उंची : शहर २८५० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १६४६. म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावर अजून बाराशे मीटर चढून तिथे बाजारहाट करायचा असं समजा. पण तुम्ही बोगोटाहून येताय, ते २६०० मीटरच्या वर आहे, त्यामुळे आईंना बरीच सवय झालेली असेल. तरी पहिला दिवस मोकळा ठेवा. पाणी भरपूर, रात्रीचं जेवण हलकं, आणि चढावर बोलायचं नाही! जुनं शहर ओढ्या-घळींवर वसलंय. घळी बुजवून वर रस्ते काढले, त्यामुळे नकाशावर पाटीवरच्या रेघोट्यांसारखे सरळ दिसणारे रस्ते प्रत्यक्षात छातीवर येतात.

हवामान : सकाळी लख्ख ऊन, दुपारनंतर पाऊस. जानेवारीत तर हमखास. सकाळी आठला बाहेर पडा, दोनच्या आत चालणं संपवा.

रस्ता : एकच सांगतो. गार्सिया मोरेनो नावाचा रस्ता धरा आणि सोडू नका. त्याचं जुनं नाव 'सात क्रुसांचा रस्ता'. कोपऱ्याकोपऱ्यावर जुन्या नावांच्या चिनी मातीच्या फरशा भिंतीत बसवल्यात, त्या वाचत चला. दक्षिण टोकाला राणीची कमान, तिच्या एका अंगाला कार्मेन आल्तोचा मठ, समोर शहराचं संग्रहालय. हे संग्रहालय म्हणजे १५६५ साली सुरू झालेलं इस्पितळ, ते १९७४ पर्यंत चालू होतं. पुढे ला कोम्पान्यिआचं चर्च, मग मुख्य चौक. तिथून डावीकडे दोन गल्ल्या गेलं की सान फ्रान्सिस्को. एवढ्यावर दोन दिवस सहज जातात.

मुकुंद_डोंबिवली
क्विटो की कीतो? आमच्या भूगोलाच्या पुस्तकात क्विटो होतं.

गोंयकार
स्पॅनिश माणूस 'कीतो' म्हणतो. आम्हां गोंयकारांना ते 'कितें', म्हणजे 'काय', ऐकू येतं. विमानतळावर कोणी "कीतो?" विचारलं तर माझ्या तोंडून "कांय ना" निघून जाईल. :)

नानासाहेब
विषुववृत्ताचं स्मारक राहिलं की! तिथे जाऊन एक पाय उत्तर गोलार्धात, एक दक्षिण गोलार्धात ठेवला नाही तर क्विटोला गेलात कशाला? १७३६ साली फ्रेंच शास्त्रज्ञ पृथ्वीचा आकार मोजायला तिथे आले होते.

मुकुंद_डोंबिवली
नानासाहेब, ती पिवळी रेघ खऱ्या विषुववृत्तापासून जवळजवळ २४० मीटर चुकली आहे. दोन्ही पाय एकाच गोलार्धात राहतात.

नानासाहेब
अठराव्या शतकातली हत्यारं घेऊन एवढंच चुकले असतील, तर मी त्यांना साष्टांग नमस्कार घालीन. पण मान्य, ते शहराबाहेर आहे. ताईंना पायी हवंय.

एकटी_भटकी
मी २०२४ मध्ये एकटी गेले होते, म्हणून थोडं रोखठोक लिहिते. दिवसा जुन्या शहरात काही भीती नाही, पोलीस जागोजागी असतात. अंधार पडला की गल्ल्या ओस पडतात, तेव्हा मुक्कामी परत. फोन हातात मिरवू नका. सान फ्रान्सिस्को चौकाजवळ गर्दीत माझ्या पाठपिशवीची चेन कोणीतरी उघडली होती, नशिबाने आत फक्त छत्री होती. तेव्हापासून पिशवी पोटावर.

पानेसीयो टेकडी दिसायला चार पावलांवर दिसते. पायी चढू नका. तिथे टॅक्सीच. हा तुमच्या नियमाला अपवाद करा, आई सोबत आहेत.

इक्वेडोरात २००० सालापासून अमेरिकन डॉलर चालतो. १ आणि ५ च्या नोटा न्या, वीसची नोट दिली की फळवाली हताश होऊन बघते. डिसेंबर २०२३ मध्ये मेट्रो सुरू झाली, तिचं एक स्टेशन थेट सान फ्रान्सिस्को चौकाखाली आहे. ४५ सेंटमध्ये शहराच्या दुसऱ्या टोकाला. सोमवारी बरीच संग्रहालयं बंद.

शिल्पकन्या
पायवाट, तुझा शेवटचा प्रश्न वाचून मुद्दाम लॉगिन केलं. मी लाकडात काम करते, आणि क्विटोचं लाकूडकाम बघायला सहा वर्षांपूर्वी पैसे साठवून गेले होते. माग लागतो. अजिंठ्यापेक्षा कितीतरी जास्त लागतो.

तीन नावं लिहून घे. पहिलं मिगेल दे सान्तियागो, सतराव्या शतकातला चित्रकार, मिश्र वंशाचा. सान आगुस्तीनच्या मठात त्याची मोठी चित्रमालिका आहे. दुसरं बेर्नार्दो दे लेगार्दा. सान फ्रान्सिस्कोच्या मुख्य वेदीवर पंख असलेली मारिया, येशूची आई, आहे, ती त्याने १७३४ साली घडवली. मारिया म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती शांत उभी असलेली. ही नाचते. कमरेत वळण, एक हात वर, पायाखाली साप. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा मला आपली त्रिभंग मूर्ती आठवली. पानेसीयोवर जी प्रचंड ॲल्युमिनियमची मारिया आहे ती हिचीच प्रतिकृती, सुमारे ७००० तुकडे जोडून केलेली. टेकडीवरची बघ, पण आधी ही लाकडाची बघ.

आणि तिसरं नाव कास्पिकारा. खरं नाव मानुएल चिली, जन्माने तिथला आदिवासी, अठराव्या शतकातला. कास्पिकारा हे किचवा भाषेतलं टोपणनाव, अर्थ साधारण 'लाकूडतोंड्या'. त्याचं काम कॅथेड्रलमध्ये आणि सान फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात आहे. ख्रिस्ताच्या गुडघ्यावरची खरचटलेली कातडी बघ. लाकूड आहे यावर विश्वास बसत नाही.

ती कातडी कशी करत ते सांगते. सीडरच्या लाकडाला आधी खडू-सरसाचे थर देऊन घासायचं, मग अंगाच्या वर्णाचा तेलरंग. तो वाळत आला की मेंढीच्या मूत्राशयाची ओली पिशवी बोटांना गुंडाळून घासत बसायचं, चकाकी येईपर्यंत. कपड्यांना आधी सोन्याचा वर्ख, त्यावर रंग, आणि मग टोकदार काडीने रंग खरवडून खालचं सोनं वेलबुट्टीत बाहेर काढायचं. तुला हात बघायचेत ना? ओरखडे बघ. यंत्राचा ओरखडा सारखा असतो, हाताचा नसतो.

गोंयकार
शिल्पकन्याबाय, सुंदर लिहिलंत. यात एक गोव्याचा धागा आहे. ला कोम्पान्यिआ हे जेसुइटांचं, म्हणजे इग्नेशियसने स्थापलेल्या ख्रिस्ती संघाचं चर्च, बांधकाम सुरू १६०५ साली. जुन्या गोव्यातली जेसुइटांची बोम जेझू बासिलिका १५९४ साली सुरू होऊन १६०५ सालीच पुरी झाली. म्हणजे मांडवीकाठी त्यांनी हात धुतले आणि त्याच वर्षी आंदीजमध्ये पाया खणला. क्विटोच्या त्या चर्चमध्ये आडव्या दालनाच्या एका टोकाला इग्नेशियसची वेदी आणि समोर फ्रान्सिस झेवियरची. आमचा गोंयचो सायब! त्याचा देह आमच्याकडे, आणि निम्म्या पृथ्वीपलीकडे त्याच्यासमोर त्याच तेजाचं सोनं. ताई, तिथे एक मेणबत्ती आमच्या नावाने लावा.

गुलाबवाला
कोम्पान्यिआला पुरं व्हायला १६० वर्षं लागली. १७६५ साली दर्शनी भाग झाला आणि दोनच वर्षांनी, १७६७ मध्ये, स्पेनच्या राजाने जेसुइटांना आपल्या सगळ्या मुलखांतून हाकलून दिलं. एवढं बांधलं आणि दोन वर्षं उपभोगलं.
आत शिरल्यावर एक गंमत. एका बाजूला खरा गोल जिना आहे. समोरच्या बाजूला, जोडी जुळावी म्हणून, तस्साच जिना भिंतीवर रंगवलाय. आईंना ओळखायला सांगा.

रानवारा
सगळं छान चाललंय, पण मला बोलायलाच हवं. हे सोनं आलं कुठून? सतराव्या शतकात क्विटोच्या मुलखाची श्रीमंती म्हणजे 'ओब्राहे', लोकरी कापडाचे कारखाने. तिथे आदिवासींना कोंडून, वेठीला धरून विणायला बसवत. ते कापड पेरूच्या खाणींकडे जाई आणि त्याचे पैसे या वेद्यांवर चढत. कास्पिकाराचं नाव राहिलं, ठीक. पण विणणाऱ्यांचं एकाचं तरी नाव त्या सात क्रुसांच्या रस्त्यावर आहे का? सोनं बघून डोळे दिपतात तेव्हा हे सोयीस्कर विसरलं जातं.

शिल्पकन्या
रानवारा, मी विसरत नाही. मी स्वतः मजुरीवर काम केलेलं आहे. पण वेठ होती म्हणून त्या कामाकडे पाठ फिरवायची, तर त्या माणसाला दुसऱ्यांदा पुसून टाकल्यासारखं होतं. सान फ्रान्सिस्कोची कान्तुन्याची गोष्ट ऐकली असशील. कान्तुन्या या आदिवासी गवंड्याने चर्चचं अंगण वेळेत पुरं व्हावं म्हणून सैतानाशी करार केला, पहाटेपर्यंत काम झालं, पण एक दगड बसवायचा राहिला म्हणून त्याचा आत्मा वाचला. सगळे गाइड हसत हसत सांगतात. मला त्या गोष्टीचा राग येतो. आदिवासी माणूस एवढं बांधू शकतो हे मान्य करवत नाही, म्हणून श्रेय सैतानाला! त्या अंगणाच्या गोल पायऱ्या बघ, अर्ध्या बाहेर फुगलेल्या, अर्ध्या आत वळलेल्या. कुणीतरी तो प्रत्येक दगड वेगळ्या कोनात घडवलाय.

रानवारा
कान्तुन्याबद्दलचं म्हणणं पटलं. असा विचार केला नव्हता.
तरी पायवाट, ला रोंदा या गल्लीत जाल तेव्हा डोळे उघडे ठेवा. २००६-०७ च्या सुमारास ती रंगरंगोटी करून पर्यटकांसाठी सजवली. भोवरे करणारे, टोप्या करणारे, पत्र्याचं काम करणारे कारागीर तिथे बसतात, त्यांच्याकडून जरूर घ्या. पण त्या घरांत पूर्वी दाटीवाटीने राहणारी भाडेकरू कुटुंबं आता कुठे आहेत, तेही विचारा. त्याआधी २००३ साली जुन्या शहराच्या रस्त्यांवरून हजारो फेरीवाले उठवून त्यांना बाजार-इमारतींत बसवलं. वारसा जपताना राहती माणसं निघून जातात हे आपणही बघतोय. आमच्या पुण्यात वाडे गेले, तिथे वाडे राहिले आणि माणसं पातळ झाली.

सुग्रण
मी खाण्याचं लिहिते, नाहीतर भांडण वाढायचं. :)
'एस्पुमिया' खा. अंड्याचा पांढरा भाग, साखर आणि पेरूचा गर फेसून केलेला गुलाबी ढग, कोनात देतात. आइस्क्रीम वाटतं पण गार नसतं. पेरू मूळचा तिकडचाच, आपल्याकडे पोर्तुगीजांच्या काळात आला. बाजारात 'लोक्रो दे पापास' हे बटाट्याचं दाट सूप, वर चीज आणि अवोकाडो. शाकाहारी आहे, तरी विचारून घ्या. बटाट्याच्या माहेरी बटाटा खाताय.

आणि ज्याच्यासाठी मी परत जाईन ते 'कोलासिओनेस'. बोलिवार रस्त्यावर क्रूस वेर्देच्या कोपऱ्याजवळ एक जुनं दुकान आहे, १९१५ पासून एकाच घराण्याचं. शेंगदाण्यावर साखरेचे थर. कसे करतात ते मी सांगणार नाही. आईला आत ने आणि तिच्या तोंडाकडे बघ.

जुना_वार्ताहर
मी क्विटोला गेलेलो नाही, आणि आता जाणं होणार नाही. पण पस्तीस वर्षं वृत्तपत्रात काढली म्हणून एक माणूस माझ्या जवळचा आहे. एउहेनियो एस्पेहो, जन्म १७४७, बाप आदिवासी. डॉक्टर झाला, वकिली शिकला, १७८५ साली देवीच्या साथीवर ग्रंथ लिहिला. शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाचा पहिला ग्रंथपाल तोच. आणि ५ जानेवारी १७९२ रोजी त्याने क्विटोचं पहिलं वृत्तपत्र काढलं. त्या दिवशी इक्वेडोरमध्ये पत्रकार दिन असतो.
आपला पत्रकार दिन ६ जानेवारीला, बाळशास्त्रींचं 'दर्पण' १८३२ साली त्या दिवशी निघालं. चाळीस वर्षं आणि एक दिवस.

आता रानवारा यांच्या प्रश्नाकडे येतो. ऑक्टोबर १७९४ मध्ये एका सकाळी क्विटोतल्या दगडी क्रुसांवर लाल निशाणं फडकलेली दिसली. त्यांवर लॅटिन मजकूर होता, क्रुसाच्या छायेत मुक्त व्हा, असा. संशय एस्पेहोवर आला. पुढे त्याला तुरुंगात टाकलं, १७९५ च्या डिसेंबरात तो गेला. सात क्रुसांच्या त्या रस्त्यावर विणकरांची नावं नसतील, पण त्यांच्याच रक्ताच्या माणसाचं लिखाण तिथे लटकलं होतं अशी समजूत आहे. पायवाट बेटा, एका तरी क्रुसाला हात लावून ये.
तिथून पुढे सान आगुस्तीनच्या मठात जाशीलच. १० ऑगस्ट १८०९ ला तिथल्या लोकांनी स्पॅनिश अधिकाऱ्यांना दूर सारलं आणि त्याची संहिता १६ ऑगस्टला त्या मठाच्या सभागृहात सह्या करून पक्की केली. वर्षभराने, २ ऑगस्ट १८१० ला, त्यांतल्या अनेकांची कोठडीत कत्तल झाली. त्यांची थडगी त्याच मठात आहेत.

पायवाट
वार्ताहरकाका, हे वाचून आईने चष्मा काढून ठेवला. क्रुसाला हात लावून येईन, तुमच्या नावाने.
शिल्पकन्या, तुझा प्रतिसाद छापून घेतलाय. गुलाबवालेदादा, वेळापत्रक तुमचंच. ३१ डिसेंबरच्या रात्रीचं काय?

एकटी_भटकी
३१ ला रस्त्यारस्त्यावर 'आन्यो बिएहो', म्हणजे जुन्या वर्षाचे पुतळे. भुसा, कागद, जुने कपडे भरलेले. रात्री बाराला जाळतात. तरुण पोरं लुगडी-झगे घालून जुन्या वर्षाच्या 'विधवा' होतात आणि गाड्या अडवून पैसे मागतात. सुट्टी नाणी खिशात ठेवा.

गोंयकार
आमच्याकडेही! गोव्यात ३१ डिसेंबरला पोरं जुन्या वर्षाचा म्हातारा करून जाळतात, रस्त्यावर दोरी धरून पैसे मागतात. आंदीजमध्ये पण तेच?

नानासाहेब
आमच्या आळीत होळीला वर्गणी न देणाऱ्याच्या नावाने बोंब व्हायची. विधवा परवडल्या.

मुकुंद_डोंबिवली
धागा वर काढतोय. १० जानेवारी झाली. ताई परतल्या का?

पायवाट
परतलो. बोगोटाहून कालच मुंबईत उतरलो. क्रमाने लिहिणं जमणार नाही, जे डोळ्यांपुढे आहे ते लिहिते.

पहिल्या दिवशी दादांचं ऐकून नुसत्या मुख्य चौकात बसलो. मधोमध स्वातंत्र्याचं स्मारक आहे, १९०६ चं. आईने पायथ्याशी बाण लागलेला, शेपूट घालून निघालेला सिंह बघितला आणि विचारलं, "हा कोण?" मी म्हटलं, स्पेन. ती त्याच्याकडेच तोंड करून बसली. राष्ट्राध्यक्षांच्या राजवाड्याच्या जोत्याखाली ओळीने छोटी दुकानं आहेत, त्यांत न्हावीसुद्धा. वर सरकार आणि खाली दाढी. तो प्रकार तिला फार आवडला.

कोम्पान्यिआत फोटो काढायला मनाई होती, ते बरंच झालं. सोनं इतकं आहे की पहिली पाच मिनिटं काही दिसतच नाही. मग मी खांबांजवळ गेले. लाल जमिनीवर सोनेरी भौमितिक नक्षी, अरबी वळणाची. जवळून बघितलं की एक चौकट दुसरीपेक्षा केसभर वाकडी आहे. शिल्पकन्या, मी तिथे उभी राहिले आणि तुझं वाक्य आठवलं. रंगवलेला जिना आईने माझ्याआधी ओळखला. "त्याची सावली चुकलीये," म्हणाली. गोंयकार, झेवियरच्या वेदीसमोर मेणबत्ती लावायची सोय नव्हती, हात जोडले. तुमचं नाव घेतलं.

कास्पिकारासमोर आई खूप वेळ होती. कॅथेड्रलमध्ये त्याचा कफनावर निजवलेला ख्रिस्त आहे, भोवती शोक करणारी माणसं. ती एवढंच बोलली, "याने घरात मेलेलं माणूस बघितलंय."

रानवारा, तुमचा प्रश्न मी ला रोंदामध्ये विचारला. भोवरे करणाऱ्या आजोबांना, माझ्या तोडक्यामोडक्या स्पॅनिशमध्ये. त्यांनी समोरच्या निळ्या दरवाजाकडे बोट केलं आणि बोटांवर मोजून दाखवलं : आठ कुटुंबं. आता वरच्या मजल्यावर संगीत लावलेलं खानावळीवजा हॉटेल आहे. मग त्यांनी भोवरा फिरवून माझ्या तळहातावर सोडला. तो फिरत होता आणि मला काही बोलता येईना. तुमचं बरोबर आहे. शिल्पकन्येचंही बरोबर आहे. मला त्या दोन गोष्टी एकमेकींतून वजा करता येत नाहीत.

सान फ्रान्सिस्कोच्या बाजारात पालेवाल्या बायका बसतात, अंगावरून पाल्याची जुडी आणि अंडं फिरवून दृष्ट काढतात. जुडीतला एक पाला लागला की चांगली आग होते. आईने हौसेने काढून घेतली. नंतर म्हणाली, मीठ-मोहऱ्यांना हे जमत नाही, चटका बसला की गेलं असं वाटतं तरी!

राष्ट्रीय व्रताच्या बासिलिकेला आई खाली थांबली, मी वर गेले. मनोऱ्यांची उंची ११५ मीटर. पन्हाळीच्या तोंडाशी युरोपात राक्षस असतात, इथे इग्वाना, कासवं आणि आर्मडिलो. मनोऱ्याकडे जाताना चर्चच्या छतावरच्या पोकळीतून लाकडी फळ्यांचा पूल आहे, दोन्ही बाजूंना दोर. फळ्यांच्या फटींतून खालच्या कमानींची पाठ दिसते, विटांची, ओबडधोबड, कोणी बघणार नाही म्हणून न सजवलेली. त्या अख्ख्या शहरात मला सगळ्यात जवळची वाटलेली जागा ती.

वार्ताहरकाका, कॅथेड्रलजवळच्या क्रुसाला हात लावला. दगड उन्हाने तापला होता. आईनेही लावला.

कार्मेन आल्तोच्या मठात भिंतीत एक लाकडी फिरतं कपाट आहे. आतल्या जोगिणी कोणाला दिसत नाहीत. पैसे ठेवले, कपाट गर्रकन फिरलं, मधाची बाटली आणि सुटे पैसे बाहेर. पलीकडून एक शब्द आला, ग्रासियास. आवाज अगदी म्हातारा होता.

आता कोलासिओनेस. सुग्रणताई, तुम्ही सांगितलं नाहीत ते फार चांगलं केलंत. दुकानाच्या आत छतापासून टांगलेली पितळी रंगाची मोठी परात आहे, खाली कोळसे. एक माणूस ती पाळण्यासारखी झुलवतो. आत भाजलेले शेंगदाणे. दर थोड्या वेळाने पाकाची एक पळी, मग परत झुलवणं. दाणे परातीच्या धातूवर सर्र सर्र घसरतात, पावसाचा आवाज येतो. थर चढतात, दाणा गोल होतो, पांढरा, वर बारीक खडबडीत उंचवटे.

आई दारातच थांबली. म्हणाली, "अगं, हा हलवा."

माझी आजी, आईची आई, संक्रांतीचा काटेरी हलवा घरी करायची. शेगडी मंद, परातीत तीळ, चमच्याने पाक थेंब थेंब, आणि बोटांनी फिरवत राहायचं, काटा येईपर्यंत. आईची बोटं लहानपणी भाजलेली आहेत त्यात. तिने त्या माणसाला तर्जनी आणि मधलं बोट दाखवलं आणि हवेत हलवा फिरवून दाखवला. त्याने परात थांबवली, आपले हात उलटे करून दाखवले. त्याच्याही बोटांना डाग होते. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. त्याने तिला परातीची कड धरायला दिली, आणि माझ्या आईने क्विटोमध्ये दहा मिनिटं साखरेची परात झुलवली.

शिल्पकन्या
पायवाट. मिळाले तुला हात.

सुग्रण
मी रडतेय. किती आणलेत?

पायवाट
तीन पिशव्या. एक भावाने बोगोटालाच ठेवून घेतली. एक फुटली, ती विमानात आजूबाजूच्यांना वाटली. तिसरी देवघरात आहे. आई म्हणते, चौदा तारखेला तिळगुळाच्या डब्यात मिसळायची.

नानासाहेब
डोंबिवलीकरांनो, दादरला संध्याकाळी किती वाजता यायचं ते विचारून ठेवा.

पायवाट
सहानंतर कधीही या. वार्ताहरकाकांना पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, त्यांनी आधी यायचं.